परदेशात स्थायिक व्हायचंय? आधी विचारा, "ही वाट कुठवर जाते?"



आपल्या नरखेड तालुक्याला ये-जा नवी नाही. संत्र्याच्या तोडीला मध्य प्रदेशातून मजूर येतात, आपली पोरं शिकायला नागपूर-पुण्याला जातात, सोयरीक तर पांढुर्ण्यापर्यंत असतेच. पण अलीकडे पालकसभा संपली की एखादा बाप मागे थांबतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, पोराले कॅनडाले पाठवाचं म्हनतो. दोन एकर इकलं त जमते. पाठवू का?"

या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. पण निर्णय घेण्याआधी काय माहीत असायला हवं, ते नक्की सांगता येतं. आजचा लेख त्यासाठीच. "जा" म्हणण्यासाठी नाही आणि "जाऊ नका" म्हणण्यासाठीही नाही.

पांढुर्णा आणि परदेश यात फरक काय?

मुलांना समजावताना मी इथून सुरुवात करते. नरखेडहून पांढुर्ण्याला जायचं तर राज्य बदलतं, पण कोणाची परवानगी लागत नाही. भारतीय संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. तो आपला हक्क आहे.

दुसऱ्या देशात राहणं हा मात्र आपला हक्क नसतो. ती त्या देशाने दिलेली परवानगी असते. कोणाला घ्यायचं, किती दिवस ठेवायचं, काम करू द्यायचं की नाही, हे तो देश ठरवतो आणि उद्या नियम बदलूही शकतो. ही एक गोष्ट नीट समजली की एजंटच्या "शंभर टक्के गॅरंटी"चं काय करायचं ते आपोआप कळतं.

चार पायऱ्या

लोक बोलताना 'व्हिसा', 'पीआर', 'ग्रीन कार्ड', 'सिटिझनशिप' हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरतात. प्रत्यक्षात या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत.

१) पासपोर्ट : हा आपला देश देतो. 'हा भारताचा नागरिक आहे' एवढंच तो सांगतो. पासपोर्ट मिळाला म्हणजे परदेशात प्रवेश मिळाला, असं नाही.

२) तात्पुरता व्हिसा : हा समोरचा देश देतो. फिरायला, शिकायला किंवा कामाला. यावर कारण आणि मुदत दोन्ही लिहिलेली असतात. शिकायच्या व्हिसावर पूर्ण वेळ नोकरी चालत नाही आणि फिरायच्या व्हिसावर तर कामच चालत नाही.

३) कायम वास्तव्य, म्हणजे पीआर : अमेरिकेत यालाच ग्रीन कार्ड म्हणतात. इथे माणूस नोकरी बदलू शकतो, कुटुंबासह राहू शकतो. पण तो भारताचाच नागरिक असतो, पासपोर्टही भारताचाच. या परवान्यालाही अटी असतात. उदाहरणार्थ, कॅनडाचा पीआर टिकवायचा तर दर ५ वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहावं लागतं.

४) नागरिकत्व : मतदानाचा हक्क आणि त्या देशाचा पासपोर्ट. अमेरिकेत ग्रीन कार्डनंतर साधारण ५ वर्षांनी अर्ज करता येतो. कॅनडात अर्जाआधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस राहिलेलं असावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. परदेशात जाण्याच्या बऱ्याच वाटा दुसऱ्या पायरीवर नेतात. त्यातल्या काहीच तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत जातात. म्हणून कोणीही कोणतीही वाट दाखवली की पहिला प्रश्न हा विचारायचा : ही वाट कोणत्या पायरीपर्यंत जाते? खर्चाचा प्रश्न त्याच्यानंतर.

आपले लोक आधी कसे गेले?

थोडा इतिहास पाहू, कारण त्यातून नियम किती बदलतात ते दिसतं.

१८३४ नंतर मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यात कोकणातले मराठी लोकही होते. करार काही वर्षांचा होता, पण अनेक जण तिथेच राहिले. आज मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुटी असते. हे मजूर ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेले, तिथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत सामील झाले. तो काळ असा होता की १९१७ च्या कायद्याने आशियातल्या बहुतेक भागांतून येणाऱ्यांना अमेरिकेने दार बंद केलं, आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. खानखोजे मेक्सिकोला गेले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. हुशारी होती, शिक्षण होतं, पण कायद्याचं दार बंद होतं. मग दुसऱ्या देशाने ठेवून घेतलं.

पुढे १९४६ मध्ये अमेरिकेने वर्षाला फक्त १०० भारतीयांना प्रवेश देण्याची सोय केली. १९६५ च्या कायद्याने देशवार भेदभावाची जुनी पद्धत काढली आणि त्यानंतर मराठी डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले. कॅनडाने १९६७ मध्ये गुणपद्धती आणली. म्हणजे आज जी दारं उघडी दिसतात ती आपल्या आजोबांच्या काळात बंद होती. उलटही होऊ शकतं.

आजच्या मुख्य वाटा

*१. शिक्षणाची वाट*

बारावी किंवा पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर जायचं, शिक्षण झालं की ठरावीक काळ काम करण्याची परवानगी मिळते, त्या काळात चांगली नोकरी मिळवायची आणि तिच्या आधारे पुढच्या पायरीसाठी अर्ज करायचा. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

लक्षात घ्या, विद्यार्थी व्हिसा हा शिकण्याचा परवाना आहे. कॉलेजची फी भरली म्हणजे पीआर विकत घेतला, असं होत नाही. "तिथं पार्टटाइम करून फी निघते" असं सांगतात, पण कॅनडात वर्ग चालू असताना आठवड्याला २४ तासांपेक्षा जास्त बाहेर काम करता येत नाही. तेवढ्यात जेवणखाण-भाड्याला हातभार लागतो. फी निघणं कठीण.

पैशांचा पुरावाही द्यावा लागतो. जर्मनीसाठी विद्यार्थ्याच्या नावाने वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खास खात्यात दाखवावे लागतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्या देशांच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो लागतात.

आणि जमीन विकण्याआधी शिष्यवृत्ती पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही वेगळ्या योजना आहेत. यासाठी पदवीचे गुण आणि चांगल्या विद्यापीठातला प्रवेश लागतो, म्हणून तयारी दोन वर्षं आधी सुरू करायला हवी.

*२. कामाची वाट*

हिचे प्रकार बरेच आहेत आणि गोंधळही इथेच सर्वात जास्त होतो.

आखाती देश : दुबई, कतार, कुवेत, सौदी. इथे करारावर काम मिळतं, पैसा शिल्लक पडू शकतो. पण सर्वसाधारण कामगारासाठी ही वाट दुसऱ्या पायरीवरच थांबते. करार संपला की परत. कमाईसाठी जाणं वेगळं आणि स्थायिक होण्यासाठी जाणं वेगळं. यात वाईट काही नाही, फक्त आधी माहीत पाहिजे.

जर्मनी : तिथे कुशल कामगारांची टंचाई आहे. २०२० मध्ये त्यांचा कुशल कामगार स्थलांतर कायदा लागू झाला आणि २०२३-२४ मध्ये तो आणखी सैल केला गेला. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपल्या पोरांसाठी यातली एक बाब फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे 'आउसबिल्डुंग'. हे आपल्या आयटीआयसारखं, पण कंपनीत काम करता करता शिकण्याचं प्रशिक्षण असतं. साधारण २ ते साडेतीन वर्षांचं. शिकताना विद्यावेतन मिळतं. ते पूर्ण करून त्याच कामात नोकरी लागली की पुढे २ वर्षांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणजे ही वाट तिसऱ्या पायरीपर्यंत जाते.

पण भाषा! युरोपात भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा मोजतात. ए१ म्हणजे आपलं नाव-गाव सांगता येणं. बी१ म्हणजे रोजचे व्यवहार करता येणं. बी२ म्हणजे कामावर, दवाखान्यात नीट बोलता येणं. आउसबिल्डुंगला साधारण बी१ लागते, नर्सला बहुतेक ठिकाणी बी२. "चार महिन्यांचा क्लास करा आणि जर्मनीला चला" असं कोणी म्हणालं तर विचारा, "चार महिन्यांत कोणती पातळी होते?"

जपान : २०१९ पासून तिथे 'विशिष्ट कौशल्य कामगार' हा व्हिसा आहे आणि भारताशी त्याबाबत २०२१ मध्ये करार झाला. वृद्धांची सेवा, शेती, बांधकाम, हॉटेल अशी क्षेत्रं आहेत. साधारण एन४ पातळीची जपानी भाषा आणि त्या कामाची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या प्रकारात एकूण ५ वर्षं राहता येतं, पण बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. वरची परीक्षा पास होऊन दुसऱ्या प्रकारात गेलं की मुदत वाढवता येते आणि कुटुंबही नेता येतं. म्हणजे वाट पुढे जाते, पण परीक्षा देऊन.

अमेरिकेचा एच-१बी : दरवर्षी ६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० जागा. अर्ज त्यापेक्षा कितीतरी जास्त. मुदत ३ अधिक ३ वर्षं. पुढे ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाला त्यातला साधारण ७ टक्केच वाटा. त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. या रांगेत आईबाप असताना मूल २१ वर्षांचं झालं की ते त्यांच्या व्हिसावर राहू शकत नाही, त्याला स्वतःची वेगळी वाट शोधावी लागते. ज्या मुलाने शाळा तिथेच शिकली, त्याच्यावर ही वेळ येते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. एका रात्रीत हिशेब बदलला.

*३. गुणांची वाट*

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात थेट तिसऱ्या पायरीसाठी अर्ज करता येतो. शाळेच्या गुणपत्रिकेसारखीच ही गुणपत्रिका असते. वय, शिक्षण, कामाचा अनुभव आणि भाषा यांना गुण. ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण लागतात आणि वय ४५ च्या आत असावं लागतं. २५ ते ३२ वयाला सर्वाधिक ३० गुण मिळतात. कॅनडाची 'एक्स्प्रेस एन्ट्री' जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिथे किमान गुण ठरलेले नसतात. जास्त गुणवाल्यांना आधी बोलावतात, म्हणजे आपल्या कॉलेजच्या मेरिट लिस्टसारखं. मार्च २०२५ मध्ये तिथे नोकरीच्या पत्राला मिळणारे गुण काढून टाकले गेले. म्हणून "लेटर आणून देतो, पॉइंट वाढतात" असं सांगून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा.

भाषेचे गुण हे या गुणपत्रिकेत आपल्या हातात असलेलं सर्वात मोठं खातं. आपली मराठी माध्यमाची पोरं इथे मागे पडतात असं समजू नका. ज्याला मातृभाषेत नीट वाचता-लिहिता येतं, तो दुसरी भाषाही पायापासून शिकू शकतो. घोकंपट्टीवाल्याचं अवघड.

*४. नात्याची वाट*

नवरा-बायको, आईवडील, मुलं यांच्या आधारे जाणं. कधी वंशाच्या आधारेही वाट मिळते. रायगडकडच्या बेने इस्राएल लोकांचं उदाहरण घ्या. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे हे ज्यू. १९५० च्या 'परतीच्या कायद्या'ने जगभरच्या ज्यूंना इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क दिला आणि त्यातले बरेच जण गेले. तरी तिथल्या धर्मगुरूंनी विवाहाच्या प्रश्नावर त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका घेतली. त्यांना आंदोलन करावं लागलं आणि १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. कायद्याने दार उघडलं तरी समाजाचं दार वेगळं असतं, हे यातून शिकण्यासारखं.

मुलींच्या पालकांना एक विनंती. 'फॉरेनचा मुलगा' म्हणून घाई करू नका. त्याचा व्हिसा कोणता, मुलीला कोणता मिळणार, त्यावर तिला नोकरी करता येईल का, हे कागदावर पाहा. अमेरिकेतल्या एच-१बीवाल्याच्या पत्नीला सरसकट काम करता येत नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी एनआरआय कक्ष आहे.

*५. आश्रयाची वाट*

छळ किंवा युद्धामुळे पळून आलेल्यांसाठी. ही मनाने निवडायची वाट नव्हे. खोटी कहाणी रचून आश्रय मागायला सांगणारा एजंट तुमच्या मुलाला गुन्ह्यात ढकलतो.

चौथ्या पायरीवर काय मिळतं, काय सुटतं?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. संविधानाचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा १९५५ यांनुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं असलं तरी आपला कायदा मान्य करत नाही. मग उरतं ओसीआय कार्ड. त्यावर भारतात आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, पण मतदान करता येत नाही.

आपल्या शेतकरी पालकांसाठी सर्वात महत्त्वाचं : एनआरआय असो की ओसीआयधारक, त्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणजे पोराला पाठवण्यासाठी आज बागेतले दोन एकर विकले आणि "तिकडं कमावून परत घेऊ" असा विचार असेल, तर तिकडे स्थायिक झालेला मुलगा स्वतःच्या नावाने ते घेऊ शकणार नाही. हा हिशेब घरात सगळ्यांनी बसून करावा.

फसवणूक कशी ओळखायची?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेले १०४ भारतीय लष्करी विमानाने अमृतसरला उतरले. त्यात महाराष्ट्राचे ३ जण होते. चोरवाटेने, ज्याला 'डंकी' म्हणतात, जाणाऱ्यांचे लाखो रुपये जातात आणि पुढे कायदेशीर वाटही बंद होऊ शकते. म्हणून :

१) परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला उत्प्रवासन कायदा १९८३ प्रमाणे केंद्र सरकारची नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा.

२) नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. लाखांत मागत असेल तर तिथेच थांबा.

३) "आधी व्हिझिट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर बदलून देतो" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

४) शिक्षणासाठी सल्ला देणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यांच्याकडे नोकरी लावून देण्याचा परवाना असेलच असं नाही. "ॲडमिशनसोबत जॉब फिक्स" म्हटलं की परवाना दाखवा म्हणा.

५) मूळ पासपोर्ट आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवायला देऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही.

६) शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८००-११-३०९० आहे.

यात आपल्या शाळेचा काय संबंध?

शिक्षक मित्रांनो, हा भाग खास आपल्यासाठी. परदेशाच्या वाटेवरचा पहिला कागद दूतावासात तयार होत नाही. तो आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तयार होतो.

*नाव आणि जन्मतारीख.* पहिलीत दाखल करताना आपण जे लिहितो, तेच दाखल्यावर, तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर, तेच पासपोर्टवर जातं. आपल्याकडच्या नावांत 'व' फार. रेवतकर, वानखडे, वैभव, वैष्णवी. इंग्रजीत कुठे 'व्ही' तर कुठे 'डब्ल्यू'. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. गावात चालून जातं, व्हिसा अधिकाऱ्यासमोर मात्र ही तीन वेगवेगळी माणसं ठरतात. म्हणून प्रवेश देताना जन्म प्रमाणपत्र समोर ठेवूनच नाव लिहा आणि इंग्रजी स्पेलिंग पालकांना मोठ्याने वाचून दाखवा. तोंडी सांगितलेली तारीख, १ जूनची सोयीची तारीख, असलं काही नको.

*जन्म प्रमाणपत्र.* १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्रच चालतं. ही मुलं आता अंगणवाडीच्या वयाकडे येत आहेत. ज्यांच्या प्रमाणपत्रावर बाळाचं नाव लिहायचं राहिलं असेल, त्यांनी ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत जन्माची नोंद झाली तिथे जाऊन ते आताच लिहून घ्यावं.

*दुरुस्ती वेळेत.* मूल शाळेत असेपर्यंत नोंदीतली चूक पुराव्यासह दुरुस्त करणं सोपं असतं. शाळा सोडल्यावर फार अवघड होतं. दहावीचा फॉर्म भरल्यावर बोर्डाची प्री-लिस्ट येते. ती पालकांना दाखवून, सही घेऊनच परत पाठवायला हवी. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं आणि पासपोर्टवर नाव व आडनावाचे रकाने वेगळे असतात, हेही पालकांना सांगा.

*दहावी पास.* हा मुद्दा मुलांना जरूर सांगा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' अशी नोंद येते. तसा पासपोर्ट असेल तर सौदी, कुवेत, कतार, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. अशा कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजनाही सक्तीची आहे. ही मंजुरी कामगाराच्या संरक्षणासाठी आहे, तिला बगल देऊन नेणारा एजंट ते संरक्षणच काढून घेतो. दहावी पास झालं की ही नोंद लागत नाही. नववीत शाळा सोडू पाहणाऱ्या पोराला समजवायला हे कारण कामी येतं.

वर्गात काय घेता येईल?

१) गावाचा स्थलांतर नकाशा : घरातलं कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं, का गेलं, हे मुलांनी विचारून आणायचं. लग्न, शिक्षण, मजुरी, नोकरी अशी कारणं आपोआप निघतात. मोवाडकडच्या मुलांच्या आजी-आजोबांकडून ३० जुलै १९९१ च्या महापुराची आठवण येईल. मनाने जाणं आणि जावं लागणं यातला फरक तिथे समजतो.

२) येणारेही असतात : फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं नागपूरच्या जरीपटक्यात वसली. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. परदेशी माणसाला भारताचं नागरिकत्व देशीयकरणाने हवं असेल तर सर्वसाधारणपणे अर्जाआधीचं १ वर्ष सलग आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षं इथे राहावं लागतं. आपल्या मुलांनी तिकडे मान मिळावा असं वाटतं ना? मग आपल्या वर्गात मध्य प्रदेशातून आलेल्या मजुराचं मूल बसलं असेल, तर त्याला कसं वागवतो तेही पाहू.

३) चार पायऱ्यांचा खेळ : फळ्यावर पायऱ्या काढा. चिठ्ठ्यांवर लिहा, 'दुबईत दोन वर्षांचा करार', 'कॅनडात डिप्लोमा', 'जर्मनीत आउसबिल्डुंग', 'फिरायचा व्हिसा'. मुलांनी चिठ्ठी योग्य पायरीवर लावायची आणि पुढे वाट आहे की नाही ते सांगायचं. सहावी-सातवीची मुलं हे छान करतात.

पालकांसाठी थोडक्यात

पैसे देण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढा. ही वाट कोणत्या पायरीपर्यंत जाते? त्यासाठी कोणती भाषा, कोणती पातळी? सगळा मिळून खर्च किती आणि अर्धवट सुटलं तर कर्ज कोण फेडणार? सांगणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय? आणि हा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आज तसाच आहे का? कॅनडाची विद्यार्थ्यांसाठीची जलद व्हिसा योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला एका दिवसात बंद झाली होती, त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्याचा पोरगा कसा गेला यावर विसंबू नका. या लेखातले आकडेही अर्ज करण्याआधी पुन्हा तपासा.

पाचही उत्तरं लिहिता आली तर पोराला खुशाल स्वप्न पाहू द्या. एकाचंही उत्तर रिकामं राहिलं तर सातबारा कपाटातच राहू द्या, आणि तोवर त्याच्या भाषेच्या क्लासची फी भरा. वाट उघडो न उघडो, ती विद्या त्याच्याजवळच राहते.